कोणत्या महिन्यातलं पाणी?

अन्याय आमच्या गावच्या जनीमावशीवर झाला, आणि तो गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाला. खिडकीपलीकडच्या बाबूने संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला, नकाशातल्या निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "मावशी, तुमची जागा जमीन नाही. पाणी आहे." त्या 'पाण्या'ची धूळ तेव्हा मावशीच्या पायांवर घोट्यापर्यंत होती. ती थेट तिथल्या काकडीच्या वेलांतून चालत आली होती. कचेरीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहायला माझ्या आतोबांनी मनाई केली आहे. वेळ मात्र त्यांनीच तिथे मावशीशेजारी उभं राहून घड्याळात बघून लिहून घेतली. महिना, वार आणि वेळ सांगितल्याशिवाय 'आज ऊन आहे' हेसुद्धा मान्य न करणारा माणूस अख्ख्या भारतात एकच आहे, आणि दुर्दैवाने तो माझ्या आत्याचा नवरा आहे.

आतोबांची नोकरी धरणावर पातळी वाचायची. भिंतीवर आकडे रंगवलेली पट्टी असते. पाणी कितव्या आकड्याला टेकलं ते रोज सकाळी बघायचं आणि वहीत लिहायचं. सुरुवात आमच्याच गावाजवळच्या छोट्या धरणावर झाली आणि शेवटची वर्षं भातसानगरच्या वसाहतीत गेली. निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, नातवंडं खेळवतात. आतोबांनी वाचनालयाला देण्यासाठी आणलेली एक जाड वही स्वतःच ठेवून घेतली, तिच्यात भारतातली सगळी राज्यं एकाखाली एक लिहिली आणि पुढे तीन रकाने आखले: एकूण, जमीन, पाणी. कारण काय, तर मुलीच्या मोबाइलवर त्यांना अमेरिकेचा एक सरकारी तक्ता दिसला होता. त्यात प्रत्येक राज्यापुढे जमीन किती आणि पाणी किती हे वेगवेगळं लिहिलेलं. मिशिगन नावाच्या राज्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच आहे, हे कळल्यावर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. "बघ गो, त्यांच्याकडं रकाना हाय," ते आत्याला म्हणाले. आत्या म्हणाली, "आपल्याकडं नळ नाय, तेचं बघा आधी."

आपल्याकडे असा एका जागी मांडलेला सोपा तक्ता त्यांना काही सापडेना. एकूण क्षेत्रफळ जो तो छापतो. शाळेच्या भिंतीवर असतं, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतं. राजस्थान सगळ्यात मोठं आणि गोवा सगळ्यात लहान हे शेंबड्या पोरालाही येतं. पण त्यातलं पाणी किती, ते जनगणनेत एक, जंगलाच्या अहवालात दुसरं आणि उपग्रहाच्या नकाशात तिसरं. शहापूरच्या एसटी स्टँडबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने आतोबांसाठी इतकी सरकारी पानं छापली की ते दुकानात शिरताना दिसले की तो आधी कागदाचं नवं बंडल फोडायचा. या सगळ्या पानांतून त्यांना एक शोध लागला, आणि तो त्यांनी आम्हा सर्वांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला. उपग्रहवाले पाणी दोनदा मोजतात. पावसाळ्यानंतर एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा. लगेच आतोबांनी पाण्याच्या रकान्याच्या मधोमध पेन्सिलीने रेघ मारली. डावीकडे 'दिवाळी', उजवीकडे 'मे'. "पानी किती हाय असा कोणी इचारलं का आपण आधी इचारायचा, कोणत्या महिन्यातला?"

त्यांनी ते विचारलंही, आणि कुठे विचारावं याचा काही विधिनिषेध ठेवला नाही. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलगा गुजरातेत नोकरीला आहे एवढं कळताच आतोबा सरसावून बसले. पगार विचारला नाही, घर स्वतःचं का भाड्याचं ते विचारलं नाही. मुलाच्या वडिलांना म्हणाले, "कच्छचा रण तुमी कशात धरता? जमिनीत का पान्यात?" वडील गांगरले. म्हणाले, "अहो, आम्ही धरत नाही काही. मुलगा फक्त तिकडे कामाला आहे." स्वयंपाकघरातून आत्याने पोह्यांचा झारा इतक्या जोरात आपटला की मुलीला वाटलं लग्न मोडलं. मोडलं नाही. जावई हुशार निघाला. आजही तो रणाचे फोटो पाठवतो, वर्षातून दोन, खाली महिना लिहून. आणि सासऱ्याचा असा लाडका जावई अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा नाही.

दर शनिवारी ते एसटीने शहापूरला जायचे आणि महामार्गावरच्या एका ढाब्यावर बसायचे. ट्रकच्या नंबरपाटीवरून राज्य ओळखायचं, ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि वही उघडायची. सरकारी आकडा तपासायचा म्हणजे त्या मुलखातल्या माणसालाच विचारलं पाहिजे, ही त्यांची पद्धत. "तुम्हारे गाव का तालाब मई में भरा रहता है क्या? मई में बोलो, दिवाली का मत बोलो." पंजाबचे ड्रायव्हर हसायचे, केरळचे घड्याळ बघायचे. बिहारचा एक म्हातारा ड्रायव्हर बराच वेळ विचार करून म्हणाला, "चाचा, हमारे यहाँ तो नदी को खुद नहीं मालूम कि इस साल किधर है." आतोबांनी त्याला दुसरा चहा पाजला आणि वहीत बिहारपुढे बारीक अक्षरात लिहिलं: 'नदी फिरते. सावध.' ढाब्यावर त्यांना 'पानीवाले चाचा' म्हणत. काही ड्रायव्हर पुढच्या खेपेला स्वतःहून माहिती आणत. सरकारचं कुठलं खातं इतक्या आनंदाने माहिती गोळा करत असेल असं मला वाटत नाही.

आता पुन्हा जनीमावशीकडे. आमच्या गावाजवळच्या त्या छोट्या धरणाचं पाणी पौष-माघापासून उतरायला लागतं आणि काठचा गाळ उघडा पडतो. त्या गाळात काकडी, कलिंगड, वांगी लावायचा परवाना मिळतो. धरण झाल्यापासून मावशीचं घर त्यावरच चालतं. दुसरी जमीन तिला नाही. यंदा संगणकावर नवा नकाशा आला, त्यात ती सगळी जागा निळी झाली आणि पुढच्या हंगामाचा परवाना नाकारला. वर बाबू म्हणाला, "राज्यात पाणी आधीच कमी. त्यातली जागा शेतीला कशी देणार? आणि जागेवरचे वेल काढून टाका." मावशीने अर्ज केला, जूनच्या पहिल्या सोमवारी साडेदहाला सुनावणी लागली. नंतरची तारीख घेऊन उपयोग नव्हता. पाऊस पडला की धरण चढतं, आणि धरण चढलं की मावशीची जागा खरोखरच पाणी होते. मग दाखवणार काय?

मी पत्रक काढलं. मला पत्रकंच काढता येतात. बारावीपासून तेच करते आहे. मथळा मोठा होता: 'कोण म्हणतं राज्यात पाणी कमी?' खाली आपलं राज्य आणि शेजारचं एक राज्य, दोघांचं पाण्याखालचं क्षेत्र शेजारी शेजारी. आपलं कितीतरी जास्त. शेवटी तीन उद्गारचिन्हं. शनिवारी संध्याकाळी आम्ही गावातल्या बुद्धविहारात बसून घड्या घालत होतो. मी, महिला मंडळाच्या बाया आणि जनीमावशी. दोन गठ्ठे बाजारात वाटूनही झाले होते. तेवढ्यात ढाब्यावरून परतलेले आतोबा आले, एक पत्रक उचललं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"हे कुठून घेतलास गो?"

"सरकारी अहवालातून. दोन्ही आकडे सरकारीच आहेत."

"सरकारीच हायत. पण आपला दिवाळीचा नि त्यांचा मे महिन्याचा. आपला हंडा भरलेला घेतलास नि शेजारनीचा रिकामा, नि भांडाय बसलीस."

चूक मला दिसली. पण आठ बाया बघत होत्या, म्हणून तोंड चालूच राहिलं. "आतोबा, परवा सुनावणी आहे. मुद्दा खरा आहे ना? मग एवढं काय मनावर घ्यायचं? वाचणाऱ्याला काही कळत नाही."

"तुला कळलां नाय, ता ठीक. सायबाला कळंल. त्यानं एवढा एक धरला का मावशीचा सगळा खोटा ठरंल. वाटू नको हे."

"दोन हजार छापलीत!"

"तर दोन हजार वाटू नको."

आणि मग मी ते बोलले, जे आजही आठवलं की तोंड कडू होतं. म्हणाले, "जन्मभर सरकारची पातळी वाचलीत ना तुम्ही, म्हणून सरकारच्याच बाजूने बोलता."

आतोबांनी चष्मा काढला, पुसला, परत कपाळावर ठेवला, पत्रकाची माझ्यापेक्षा नीट घडी घातली आणि निघून गेले. छत्री विसरले. जनीमावशी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुला कोनी सांगितला नाय का गो? त्याचा खळा त्याच धरनात हाय. बापाचा घर, आंब्याचा झाड, सगला. पहिल्या साली पानी चढत व्हता नि हाच रोज सकाली पट्टी वाचून लिवत व्हता, किती चढला ता. खळ्यावर पानी आला त्या दिवशी पन लिवला. आमी काठावर रडत व्हतो. हा लिवत व्हता."

मला कुणी सांगितलं नव्हतं. आतोबांनी तर नाहीच. सगळ्या देशाची जमीन आणि पाणी वेगळं काढत बसलेला माणूस स्वतः पाण्याच्या रकान्यात जन्मला होता, आणि मी त्याला पट्टीवरून टोमणा मारून मोकळी झाले होते.

रविवारी सकाळी त्यांची छत्री घेऊन मी आत्याकडे गेले. माफी मागायचं वाक्य वाटेत पाच वेळा जुळवलं. ते ओटीवर बसलेले. पुढे पत्रकांचा गठ्ठा, हातात निळं पेन. आदल्या रात्री विहारातून त्यांनीच मागवून घेतला होता. म्हणाले, "बस. मी इचार केला. टाकायची नाय. आपल्या राज्याच्या आकड्याखाली 'ऑक्टोबर' लिव, त्यांच्याखाली 'मे'. नि खाली लिव: ही तुलना चूक होती, दुरुस्त केली हाय." मी म्हटलं, "आतोबा, स्वतःच्याच पत्रकावर 'आमचं चुकलं' असं कोण लिहितं?" म्हणाले, "म्हनून तर लोक वाचतील." माझं जुळवलेलं वाक्य राहूनच गेलं. छत्री मात्र त्यांनी उघडून तपासून घेतली.

दिवसभर लिहिलं. बाया आल्या, मावशी आली. मावशीला लिहिता येत नव्हतं. आत्याने तिला पाटीवर 'मे' काढून दाखवला. दुपारपर्यंत मावशीचा हात बसला आणि ती दुसऱ्या कुणाला 'मे' लिहू देईना. आम्ही ऑक्टोबर लिहून पत्रक पुढे सरकवायचं, मावशीने मे लिहून गठ्ठ्यावर ठेवायचं. प्रत्येक मात्रा जरा तिरकी, वेलाच्या टोकासारखी. आतोबा मधूनच एखादं उचलून तपासत आणि मान डोलवत. आत्या म्हणाली, "लगनात अक्षतासुदा एवढ्या मनापासून टाकल्या नाय या मानसानं."

सोमवारी साडेदहाला आम्ही आत गेलो. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, घाईत होते. त्यांच्या टेबलावर माझं पत्रक आधीच पडलेलं. शनिवारचं. बाजारात वाटलेल्या गठ्ठ्यातलं, दुरुस्ती नसलेलं. दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ. त्यांनी ते माझ्यासमोर फिरवून ठेवलं. "मॅडम, हे आकडे एका मोसमाचे नाहीत. तुम्हाला माहीत आहे?" मी आतोबांकडे बघितलं. साहेब पुढे म्हणाले, "जे स्वतःच्या पत्रकात अशी हातचलाखी करतात, त्यांच्या जागेच्या दाव्यावर मी विश्वास कसा ठेवायचा?" मावशीने माझ्या दंडाला धरलं.

आतोबा उठले. पिशवीतून दुरुस्त केलेलं पत्रक काढून त्यांनी लाल रेघेच्या शेजारी ठेवलं. "चूक आमची व्हती, सायेब. आमाला दोन दिवस आधी कळली. कबूल केली, हातानं दुरुस्त केली. हाताशी उरलेल्या सगळ्यांवर. आता तुमची."

"आमची कसली?"

"ह्यो निळा रंग. कोणत्या महिन्यातला?"

साहेबांनी बाबूकडे बघितलं. बाबूने नकाशाचा मोठा कागद उलगडला. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता, प्रमाण होतं, सही होती, शिक्काही होता. महिना नव्हता. बाबूने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मी आयुष्यात पहिल्यांदाच घोषणा द्यावीशी वाटूनही गप्प बसले.

तेवढ्यात मावशीने पदराखालून एक काकडी काढली आणि थेट नकाशावर, निळ्या रंगात ठेवली. मातीसकट. "ही पान्यात झाली का, सायेब?"

बाबू हसला. आतोबा मात्र दचकले. "तोडलीस कधी?"

"आज सकाली."

"आज सकाळी," आतोबांनी बाबूला सांगितलं. "लिवा. जून."

साहेबांनी काकडी उचलली, बाजूला ठेवली आणि कागद झटकला. मग म्हणाले, "गुरुवारी जागेवर येतो." मी म्हटलं, "उद्या या. पाऊस आला तर?" म्हणाले, "उद्या जमणार नाही. गुरुवार."

ते तीन दिवस मी झोपले नाही. सिद्धगडाच्या अंगाला ढग धरून बसले होते. आतोबा रोज सकाळी धरणाच्या भिंतीवर जायचे, पट्टी वाचायचे आणि परत येऊन फक्त मान हलवायचे: नाही, चढलं नाही अजून. बुधवारी संध्याकाळी वाऱ्याने विहाराचे पत्रे वाजले. आत्याने देवापुढे नाही, पण आकाशाकडे बघून हात जोडले. मावशी तिच्या वेलांजवळच बसून राहिली. जणू ती उठली तर पाणी येऊन तिची जागा घेईल.

गुरुवारी साहेब आले. पाणी बरंच खाली होतं. आतोबांना गुडघ्यांमुळे उतार उतरवेना. ते भिंतीवरच छत्री घेऊन बसले आणि तिथून ओरडून पंचनामा सांगू लागले. "महिना घाला! वेळ घाला! सायेब, तुमी उभे हाव ती जागा ओली का सुकी, ता लिवा!" साहेबांनी बूट आपटून बघितले. धूळ उडाली. पंचनाम्यात लिहिलं गेलं: जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सदर जागा कोरडी, पीक उभे. मावशीला पुढच्या हंगामाचा परवाना मिळाला. एका हंगामाचा. नकाशा निळाच आहे. पुढच्या मे महिन्यात हे सगळं परत करायचं आहे, काकडीसकट.

सगळे परत निघाले तेव्हा मी भिंतीवर आतोबांपाशी बसले. शनिवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. सगळी राज्यं भरलेली. बिहारपुढची ती सावधगिरी, गुजरातपुढे जावयाचे फोटो चिकटवलेले. महाराष्ट्रापुढे एकूण आहे, जमीन आहे, दिवाळीचं पाणी आहे. मे महिन्याचं घर कोरं.

"हा का राहिला?"

त्यांनी छत्रीच्या टोकाने खाली, पाणी आणि चिखल जिथे भेटतात तिकडे दाखवलं. काही दगड ओळीने दिसत होते. "मे संपता संपता खळ्याचा कड दिसतो. काही साली दिसतो, काही साली नाय. सरकारी आकडा हाय माझ्याकडं. पन लिवाय बसलो का वाटता, खळा जमिनीत धरू का पान्यात? हात चालत नाय गो." मग म्हणाले, "तेव्हा चालला व्हता."

मी वही परत दिली. त्यांनी घेतली नाही.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे, आणि विनंती करत नाही, मागते आहे. तुमच्याही गावाजवळ नकाशावर निळं रंगवलेलं काहीतरी असेल. तळं, बंधारा, धरण. येत्या मे महिन्यात तिथे जा. स्वतःच्या पायाने निळ्या रंगात उतरा आणि पाय भिजतात का बघा. तिथे कुणी वेल लावले असतील तर त्यांचं नाव विचारा. मग कचेरीत जा, नकाशा उघडायला लावा आणि विचारा, कोणत्या महिन्यातलं? उत्तर मिळेपर्यंत खिडकीवरून हलू नका. वही माझ्याकडे आहे, आणि तिच्यातलं एक घर अजून कोरं आहे.